सक्ती केली, तर शब्दही पाळा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की पीएफ मोडून गाडीचं डाउन पेमेंट करू नका. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्मी रागाची आहेत. रागानं का होईना, माणूस दोन-दोन पानं लिहितो म्हणजे विषय जिव्हाळ्याचा आहे. म्हणून या वेळी दुसरं काही न घेता पीएफ आणि पेन्शनवरचीच चार पत्रं घेते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की एकतीस वर्षं मी कोषागारात नोकरी केली आणि त्यातली शेवटची अकरा निवृत्तिवेतन शाखेत. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी येणारी म्हातारी माणसं मी खिडकीच्या अलीकडून पाहिली आहेत. माझी मतं तिथे घडली.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो, वय ३१. बेसिक ६०,००० आहे आणि त्यातून दरमहा १२ टक्के पीएफला जातात. मला कुणी विचारलेलं नाही. कमावतो मी, कर भरतो मी, गुंतवणुकीचा अभ्यासही करतो. माझं म्हातारपण ही माझी जबाबदारी आहे, सरकारनं माझा पालक व्हायचं कारण नाही. चिलीनं चाळीस वर्षांपूर्वी पेन्शन लोकांच्या हाती दिली, मग आपण का नाही? उद्या मी चुकलो तर मीच भोगीन ना!

आधी सक्ती नेमकी किती, ते पाहू. तुमचे महिन्याला ७,२०० कापले जातात, पण कायद्याची सक्ती आहे ती १५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर, म्हणजे १,८०० रुपयांची. वरचे ५,४०० ही तुमच्या कंपनीची पद्धत आणि तुमची संमती. शिवाय पहिल्या नोकरीत रुजू होताना पगार १५,००० च्या वर असेल आणि आधी पीएफचं खातं नसेल, तर मुळात सभासद न होण्याची मुभाही असते. रुजू होताना जे पंधरा-वीस कागद सहीसाठी पुढे येतात, त्यातला फॉर्म ११ त्यासाठीच असतो. कपात १,८०० वर आणता येते का, हे एचआरला विचारा. काही कंपन्या तसं करू देतात.

म्हणजे आपलं भांडण उरलं १,८०० रुपयांचं. तुमच्यासाठी ते तत्त्वाचं भांडण आहे, हे मला कळतं.

"मी चुकलो तर मीच भोगीन" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. माझे वडील शिंपी. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ त्यांचं दुकान होतं. कुणाचं देणं ठेवायचं नाही, कुणापुढे हात पसरायचा नाही, असा बाणा. सरकारी नोकरीची संधी आली तेव्हा साहेबाला सलाम ठोकणार नाही म्हणून त्यांनी ती सोडली. रोज रात्री गल्ल्यातले पैसे मोजून एका पतसंस्थेच्या पिग्मीवाल्याला द्यायचे. ते बासष्ट वर्षांचे असताना ती पतसंस्था बंद पडली. चार वर्षांनी तेही गेले. त्यांनी काय भोगलं असेल ते चार वर्षं. पुढची एकोणीस वर्षं आईनं भोगलं.

आई माझ्याकडे राहायची. खाण्यापिण्याला, औषधाला काही कमी नव्हतं, माझे यजमानही देवमाणूस. पण तिला मिश्री लागायची. आठ-दहा दिवसांनी ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "तुझ्याकडे सुटे आहेत का गं?" मी शंभराची नोट पुढे केली तर ती घ्यायची नाही. वीसच घ्यायची. वारल्यावर तिची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी एका रुमालात बांधलेल्या दहा-वीसच्या नोटा निघाल्या. प्रत्येक नोटेची चौघडी घातलेली. दिवाळीला, संक्रांतीला मी दिलेलेच पैसे होते ते. खर्च केले असते तर पुन्हा मागावे लागले असते, म्हणून तिनं ते साठवले होते. तो रुमाल मी अजून उलगडून ठेवू शकलेले नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान पोस्टात होते. त्यांच्यामागे काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं. फार नव्हतं. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काकू स्वतः रिक्षा करून बँकेत जायच्या, येताना नातवाला कंदी पेढे आणायच्या, आणि सून वावगं बोलली तर तिला दोन शब्द सुनवायच्या. आईला मी सुनेला किंवा मला, कुणालाच दोन शब्द सुनावताना पाहिलं नाही. दोघी एकाच वयाच्या, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या.

म्हणून एकतिसाव्या वर्षाचं स्वातंत्र्य तेवढं मोजायचं आणि एक्क्याऐंशीव्या वर्षाचं सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. तुम्हाला अक्कल नाही म्हणून सक्ती करा, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. तुम्हाला अक्कल आहे, वडिलांनाही होती. मात्र माणूस चुकला किंवा त्याचं नशीब फिरलं, तर त्याचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर जातं. बहुतेक वेळा ते बायकोच्या, मुलीच्या किंवा सुनेच्या पाठीवर. त्यांनी त्या निर्णयावर सही केलेली नसते. आणि ज्याला कुणीच नाही, त्याच्यासाठी राज्यघटनेच्या ४१ व्या कलमानं सरकारला म्हातारपणी मदतीला उभं राहायला सांगितलंय, म्हणजे शेवटी गल्लीतल्या सगळ्यांच्या करातून. दुसऱ्याच्या पाठीवर ओझं जाऊ नये एवढ्यापुरती किमान बचत सक्तीची असावी आणि त्यावरचं सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावं, हे माझं मत आहे.

चिलीचं उदाहरण दिलंत, तर ते पुरतं पाहू. १९८१ मध्ये लष्करी राजवटीनं जुन्या पेन्शनच्या जागी खासगी कंपन्यांतली खाती आणली. तिथेही पगाराचे १० टक्के भरणं सक्तीचंच होतं. निवड होती ती पैसे कोणत्या कंपनीकडे ठेवायचे याची, ठेवायचे की नाही याची नव्हती. मालकाचा वाटा काढून टाकला. आणि ज्या लष्करानं हे सगळ्या देशावर लादलं, त्यानं स्वतःला मात्र यातून वगळलं. ज्यांचं काम कधी असतं, कधी नसतं, त्यांची खाती हलकी राहिली. २००८ मध्ये सरकारला करातून किमान पेन्शनचा आधार द्यावा लागला आणि २०२५ मध्ये मालकाचा वाटा पुन्हा आणणारा कायदा झाला. माणसांनी स्वतःसाठी साठवावं हा त्यातला चांगला भाग आहेच, तो मी नाकारत नाही.

आपल्याकडे या वादाचं मूळ शोधायला इतकं लांब जायची गरजही नाही. १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन लिहिलं. त्यात प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा, अशी मागणी आहे. व्यक्तिस्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचलेला माणूस सक्ती का मागतो? कारण तिथेच दिलंय : पोटाची चिंता असलेला माणूस पोटासाठी स्वतःचे हक्क सोडून देतो. मी हे वाचलं तेव्हा मला दाराशी उभी असलेली आई आठवली.

प्रश्न : सूतगिरणीत रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, १७ वर्षं काढली, २०१३ मध्ये ५८ पूर्ण झाल्यावर सुटलो. शेवटचा पगार ५,२००. पेन्शन १,२६३ रुपये, तेव्हाही आणि आजही. त्यात रक्तदाबाच्या गोळ्याही भागत नाहीत. पैसे आमचेच कापले, ते आमच्या हातात दिले असते तर? एक एजंट पाच हजार घेऊन वाढीव पेन्शन करून देतो म्हणतो, देऊ का?

दादा, एजंटला एक रुपयासुद्धा देऊ नका. वाढीव पेन्शन म्हणजे ठरलेल्या मर्यादेऐवजी पूर्ण पगारावर काढलेली पेन्शन. तिच्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ चा आहे. १ सप्टेंबर २०१४ च्या आधी निवृत्त झालेल्या आणि तेव्हा मालकासह तसा विकल्प न दिलेल्या माणसांना तो लागू होत नाही. आणि तुमच्या बाबतीत विकल्प असता तरी उपयोग नव्हता. तेव्हाची पगाराची मर्यादा ६,५०० होती आणि तुमचा पगार तिच्याही आत, त्यामुळे तुमची पेन्शन पूर्ण पगारावरच निघाली आहे. मर्यादेच्या वर पगार असणाऱ्यांचा तो प्रश्न होता.

हिशोब असा : पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. म्हणजे ५,२०० गुणिले १७, भागिले ७०, बरोबर १,२६३. आकड्यात चूक नाही.

पैसे हातात दिले असते तर, हाही प्रश्न टाळत नाही. १७ वर्षांत तुमचा सरासरी पगार ३,५०० धरला, तर मालकाच्या वाट्यातून पेन्शनसाठी जाणारे ८.३३ टक्के म्हणजे महिन्याला २९० रुपयांच्या आसपास. सगळे मिळून साठ हजारांच्या आत, आणि व्याज धरून ढोबळमानानं सव्वा-दीड लाख. पहिल्या बारा वर्षांतच तुम्हाला पेन्शनचे एक लाख ऐंशी हजारांच्या वर मिळाले आणि तुमच्यामागे वहिनींनाही पेन्शन आहे. म्हणजे पैसे बुडाले नाहीत. पण त्यांची किंमत वाळत गेली. २०१३ चे १,२६३ आणि आजचे १,२६३ यांत किती गोळ्यांचा फरक पडतो, ते तुम्ही मला सांगायला नको.

माझा राग आहे तो इथे. १६ नोव्हेंबर १९९५ ला पीएफवाल्यांची ही कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली तेव्हा तिला महागाई भत्ता जोडलाच नाही. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये केली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तो आकडा हलला नाही. पेन्शनर ७,५०० आणि महागाई भत्ता मागताहेत, बुलढाण्यात त्यासाठी साखळी उपोषणं झाली, दिल्लीला मोर्चे गेले. पाय दुखत असताना रेल्वेच्या जनरल डब्यातून दिल्लीला जाणारी माणसं फुकट काही मागत नव्हती. कायद्यानं त्यांच्याकडून पैसे घेतले होते, 'म्हातारपणी बघू' असा शब्द दिला होता. हिंजवडीच्या वाचकाला मी सक्तीचं समर्थन ऐकवलं खरं, पण त्याच्या बाजूनं सगळ्यात जड पुरावा तुमचं पासबुक आहे. सक्ती करणाऱ्याला निम्मा शब्द पाळून चालत नाही. दुकानदाराचा माल वाईट निघाला तर दुसरं दुकान असतं. इथे तुम्हाला दुसरं दुकान नव्हतं, म्हणून सरकारवर जबाबदारी जास्त.

आणखी एक बघा. पासष्टीच्या पुढच्या, ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत आहे, अशांना राज्य सरकार श्रावणबाळ योजनेत दरमहा १,५०० देतं. तुमची वर्षाची पेन्शन होते १५,१५६. मुलगा वेगळा राहत असेल तर तहसीलमधल्या संजय गांधी योजनेच्या शाखेत जाऊन तुम्ही पात्र ठरता का ते विचारा. रेशनकार्ड, आधार आणि पेन्शनचं पासबुक बरोबर न्या. श्रावणबाळचे १,५०० जास्त नाहीत, उलट फार कमी आहेत. पण सतरा वर्षं साच्यापाशी उभं राहिलेल्या माणसाला त्याहून कमी मिळावं, हे कुणाच्याही गळी उतरणार नाही.

हयातीच्या दाखल्याचंही सांगते, कारण गिरणीतल्या माणसांना हा त्रास मी स्वतः पाहिलाय. सुतानं बोटं घासलेली असतात, यंत्र ठसा घेत नाही. एक आजोबा माझ्या टेबलाशी अंगठा पुन्हा पुन्हा स्वतःच्या केसांवर घासत होते, तेलानं तरी उमटेल म्हणून. सहाव्यांदा उमटला तेव्हा त्यांनी यंत्राला हात जोडले. तुमचा ठसा उमटत नसेल तर आता चेहऱ्यावरूनही दाखला निघतो, नातवाच्या मोबाइलवर करून घ्या. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, २००८ मध्ये रुजू झालो. आमदाराला एका टर्मवर आयुष्यभर पेन्शन आणि आम्हाला तीस वर्षं शिकवून बाजाराचा भरवसा. तुम्हाला स्वतःला जुनी पेन्शन मिळते, म्हणून तुम्ही या विषयावर बोलत नाही का?

सर, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. हो, मला जुनी पेन्शन मिळते. तिच्यासाठी माझ्या पगारातून कधी एक पैसा कापला गेला नाही. दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता वाढला की तीही वाढते. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलात, म्हणून नव्या पेन्शन योजनेत तुमच्या पगाराचे १० टक्के कापून बाजारात गुंतवले जातात. मी २००५ च्या आधीची, यापलीकडे आपल्या दोघांत काही फरक नाही. तुमच्या शाळेत २००५ च्या आधी लागलेल्या शिक्षकाचंही काम तेच, खडू तोच. मार्च २०२३ च्या संपात आमच्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयासमोर 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत जे बसले होते, त्यांना मी आणि माझ्या दोन निवृत्त मैत्रिणी रोज चहा नेऊन देत होतो.

तरीही जुनी योजना जशीच्या तशी परत यावी, असं मी म्हणणार नाही. माझी पेन्शन येते कुठून? या वर्षीच्या करातून. माझ्या दारात मेथीची जुडी विकणारी बाई साबण घेते, मोबाइलचं रिचार्ज मारते, त्या प्रत्येक खरेदीत तिचा कर आहे. तिला स्वतःला पेन्शन नाही. तिनं माझी पेन्शन भरावी आणि मी तिला 'स्वतःचं बघ' म्हणावं, हे मला जमत नाही. कर्मचाऱ्यानंही आपला वाटा भरावा, हे नव्या योजनेतलं तत्त्व मला योग्य वाटतं.

चूक झाली ती दुसरीकडे. वाटा ठरवून दिला, पण हातात काय पडेल ते कुणी सांगितलं नाही. समजा निवृत्तीला तुमचे ५० लाख जमले. त्यातल्या किमान ४० टक्क्यांची, म्हणजे २० लाखांची ॲन्युइटी घ्यायची, म्हणजे ते पैसे विमा कंपनीला देऊन दरमहा पेन्शन विकत घ्यायची. सहा टक्क्यांनी धरली तर महिन्याला १०,०००, आणि बहुतेक ॲन्युइटी महागाईबरोबर वाढत नाहीत. उरलेले ३० लाख सांभाळायचे तुम्ही, मुलीच्या लग्नाच्या आणि मुलाच्या फ्लॅटच्या ऐन धामधुमीत. यालाच कुणी 'निवडीचं स्वातंत्र्य' म्हणतं तेव्हा मला राग येतो. बाजार पडला तर काय करायचं, हे ज्याला कधी शिकवलंच नाही, त्याच्या गळ्यात सगळी जोखीम बांधायची आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचं!

केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली, राज्यानंही ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. त्यात कर्मचाऱ्याचा वाटा १० टक्केच राहतो आणि २५ वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, वर महागाईची वाढ, अशी हमी आहे. वाटाही भरा, शब्दही घ्या. जुन्या पेन्शनच्या जवळ जाणारा आणि मेथीवालीवर कमी भार टाकणारा रस्ता मला हाच दिसतो. तुमचं सेवापुस्तक काढून दोन्ही योजनांचा हिशोब कागदावर मांडा, मगच, मुदत असेल तर, विकल्प द्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यांवर जाऊ नका.

आमदारांच्या पेन्शनबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. दुसऱ्यांना वाटा भरायला लावणाऱ्यांनी स्वतःच्या पेन्शनला तोच नियम लावावा. १७ डिसेंबर १९८२ ला, निवृत्त सरकारी नोकरांच्या पेन्शनवरच्या नकारा खटल्यात, यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा मोबदला आहे. मोबदला म्हटला की किती सेवेला किती, हे आमदारालाही विचारता येतं.

प्रश्न : नाशिकला पाच घरी पोळ्या करते. वय ३५. बँकेतल्या मॅडम अटल पेन्शन काढ म्हणतात. आमचे हे म्हणतात, २५ वर्षांनी पाच हजारांत काय येणार, त्यापेक्षा गाडीचा हप्ता भरू. काय करू?

ताई, तुमच्या यजमानांचं एक म्हणणं खरं आहे, ते आधी सांगते. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर तेव्हाचे पाच हजार आजच्या साधारण बाराशे रुपयांइतके असतील. तेवढ्यावर म्हातारपण निघणार नाही. तरीही काढा. साठीपर्यंत दरमहा हप्ता भरायचा आणि पुढे आयुष्यभर ठरलेली पेन्शन घ्यायची, अशी ही सरकारी योजना आहे. पस्तिसाव्या वर्षी पाच हजारांच्या पेन्शनसाठी हप्ता महिन्याला ९०२ रुपये आहे. थांबलात तर चाळिशीत तोच १,४५४ होईल आणि चाळिशीनंतर दार बंद. तुम्हाला मालकानं पीएफ दिला नाही, कुणी सक्ती केली नाही, म्हणजे तुमच्यासाठी बघणारं कुणी नाही. तुमच्या पाच घरांतल्या बायकांना सांगा, वर्षाचा बोनस एकदम हातात न देता पोस्टातल्या तुमच्या पीपीएफमध्ये भरा म्हणावं. दोन्ही मिळून आधार होईल.

खातं तुमच्या एकटीच्या नावावर हवं, जोडखातं नको. तुमच्यामागे तीच पेन्शन यजमानांना मिळते आणि दोघांमागे मुलांना साडेआठ लाख, हे त्यांना शांतपणे सांगा, भांडू नका. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, म्हणून पगार झाला की दोन घरांचे पैसे आधी बँकेत भरा आणि मग घरी या. पहिला हप्ता कापला गेल्याचा मेसेज आला की मला कळवा, मी वाट बघते.